अनसाबाईला मी दिलेलं उत्तर

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. आणि माझं तोंड तर — ओळखणारे सांगतील — सहसा मिटलेलं नसतं. नवऱ्याला सांगितली नाही, तो गेला. धाकटी बहीण आहे अजून, पण तिला सांगितलं की ती लगेच माझी समजूत काढायला बसेल, आणि मला समजूत नको आहे. मग तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू — ठाऊक नाही. दमले आहे, एवढंच.

सरळ सांगता येईल असं वाटलं होतं, पण येत नाही. थोडं मागून यावं लागेल.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. नांदुऱ्याकडच्या एका लहानशा दवाखान्यात मी मुलींना नर्सिंग शिकवत होते. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्या भागातून गाठीचे, म्हणजे कॅन्सरचे, पेशंट रेल्वेने मुंबईला जायचे. तिथे काहींचं ऑपरेशन व्हायचं, काहींना किरणांचे शेक द्यायचे. जे बरे व्हायचे ते आपापल्या घरी जायचे. ज्यांचं पुढे काही करता येत नव्हतं, त्यांनाही ‘घरी न्या’ म्हणूनच सांगायचे, पण ते घरी जाण्याआधी आमच्याकडे यायचे. जखम वाहायची, वेदना असायच्या, घरच्यांना काय करावं कळायचं नाही.

आमचे डॉक्टर तसे अबोल. एकदा राउंड संपल्यावर मला म्हणाले, “ही माणसं बरी होणार नाहीत, कबूल. म्हणून त्यांचं काहीच करायचं नाही का? मुलींना शिकवा.” आता या कामाला मोठी नावं आहेत, त्याची प्रशिक्षणं होतात, पाहुणे येऊन भाषणं करतात. तेव्हा आमच्याकडे फक्त मागच्या बाजूची एक खोली होती. पुस्तक नव्हतं. मीच मुलींच्या पुढे एक पाऊल टाकून शिकत होते — आणि शिकवत होते म्हणून मला सगळं येतं असा आव आणत होते. तो आव पुढे अंगवळणी पडला.

पहिला धडा नाकाचा असायचा.

तुम्ही अशी जखम पाहिली नसेल तर बरंच आहे. वरची कातडी फुटते, मांस सडतं, आणि त्याचा वास असा असतो की माणूस दारातूनच मागे फिरतो. माझ्या मुली शेतकऱ्यांच्या घरच्या. शेणात हात घालायला न कचरणाऱ्या. पण त्या खोलीच्या उंबऱ्यावर पहिल्या दिवशी प्रत्येकीचा हात पदराकडे जायचा. मी सांगायची — पदर नाकाला लावायचा नाही, श्वास धरायचा नाही, तोंड फिरवायचं नाही. पेशंट तुमच्या हाताकडे बघत नसतो, तुमच्या नाकाकडे बघत असतो. पुढे मी जिथे जिथे शिकवलं तिथे हे वाक्य माझ्या नावावर चालत राहिलं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा एका मुलीने ते भाषणात म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी खाली बघत होते, लोकांना वाटलं विनयाने.

अनसाबाई त्या खोलीत आली ती श्रावण लागता लागता. नांदुऱ्यापासून बैलगाडीच्या अंतरावरच्या गावची, माळ्याची बाई. वांगी, मिरची, मेथी — तिच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, मळा होता आणि बाजाराच्या दिवशी ते आमच्या स्वयंपाकघरात भाजीची टोपली ठेवून जायचे, नको म्हटलं तरी. गाठ छातीत होती. लाजेपायी तिने ती फार उशिरा दाखवली, आणि मुंबईहून परत आली तेव्हा ती फुटलेली होती.

वासाने ती स्वतःच अर्धी मेली होती. घरी तिने आपलं अंथरूण गोठ्यात नेलं होतं, कोणी सांगितलं नसताना. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तिने मला पहिलं काय विचारलं असेल? किती दिवस राहिले, हे नाही. दुखणं थांबेल का, हेही नाही. म्हणाली, “बाई, एवढा वास जाईन असं काई हाये का तुमच्यापाशी? मले महालक्ष्म्यांपुढं बसाचं हाये.”

आमच्याकडे भाद्रपदात येणाऱ्या गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. तिच्या घरात त्या पिढ्यान्‌पिढ्या बसत आलेल्या. सासूने तिला शिकवलं, ती आता सुनेला शिकवणार. सून निर्मला लग्न होऊन आलेली अगदी नवी, तिच्या माहेरी महालक्ष्म्या बसत नव्हत्या. कोथळ्यांना, म्हणजे देवींच्या धडांना, साडी कशी नेसवायची, मुखवटे कोणत्या बाजूने बसवायचे, कोणाला आधी हळद-कुंकू — हे सगळं हातानेच द्यायचं असतं. या वर्षी सुनेच्या हाती देऊन मोकळं व्हायचं, एवढंच अनसाबाईला हवं होतं. आणि देवीपुढे असा वास घेऊन कसं बसायचं, ही तिची काळजी. मरणाची नव्हती. मरणाचं तिला मुंबईतच कळलं होतं.

मग आम्ही लागलो त्या वासाच्या मागे. मी हे अभिमानाने सांगते आहे, कारण तेवढं आमचं काम खरंच चांगलं झालं. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग. वाळलेलं गॉज ओढायचं नाही, कोमट पाण्याने भिजवून आपसूक सुटू द्यायचं. औषधाच्या पाण्याने धुवायचं. लाकडी कोळसा कुटून, वस्त्रगाळ करून, मलमलीच्या छोट्या पिशव्यांत शिवायचा आणि त्या पिशव्या ड्रेसिंगवर ठेवायच्या, म्हणजे वास तिथेच मुरतो. पिशव्या शिवायचं काम कुसुमने अंगावर घेतलं. ही माझी विद्यार्थिनी, मेहकरकडची. सावकाश बोलणारी, हात मात्र चपळ. अनसाबाईचं ड्रेसिंग दुसरीने केलेलं कुसुमला खपत नसे. हळूहळू खोलीतला वास कमी होत गेला. एक दिवस मी दार उघडलं आणि आत मला फक्त साबणाचा वास आला.

त्याच दिवसांतलं एक दृश्य. अनसाबाई उशीला दवाखान्याची चादर नेसवून सुनेला दाखवते आहे — निऱ्या अशा पाडायच्या, खांद्यावरचा पदर असा खोचायचा, खालून घेर मोकळा सोडायचा म्हणजे देवी उभी वाटते. निर्मला पलंगावर तिला चिकटून बसलेली, कुसुम आणि दुसऱ्या मुली भोवती गोळा झालेल्या. मी आत आले आणि धुतलेली चादर चुरगाळली म्हणून सगळ्यांवर ओरडले. मुली पांगल्या. अनसाबाई हसून म्हणाली, “रागावू नका बाई. तुम्ही पोरीले पट्टी बांधाले शिकवता, मी साडी नेसवाले शिकवून राह्यली.” मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

आता येते त्या भागाकडे. आतापर्यंत मी तुम्हाला बरी वाटत असेन, म्हणून इथेच थांबावंसंही वाटतं.

महालक्ष्म्या जवळ आल्या आणि त्याच सुमारास मुलींच्या परीक्षेसाठी बाहेरून परीक्षक बाई यायची तारीख लागली. एक दिवस महालक्ष्म्यांच्या जेवणाचा आणि लगेच दुसऱ्या दिवशी परीक्षा. इकडे दवाखान्याच्या कमिटीत कुरबूर चालू होती — मरणाऱ्यांसाठी खोली कशाला अडवायची, तिथे बाळंतिणींच्या खाटा टाका. मला वाटलं, परीक्षक बाईंनी ही खोली पाहिली, कुसुमच्या हातचं ते ड्रेसिंग पाहिलं, तर कमिटी गप्प बसेल. दाखवण्यासारखी दुसरी केस नव्हती माझ्याकडे. केस — हाच शब्द होता माझ्या मनात. हे मी कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही. खरं तर खोलीइतकीच मला माझी वाहवा हवी होती. शिकवणाऱ्या बाईचं नाव परीक्षक वर कळवतात, हे मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी तिला घरी पाठवायला परवानगी दिली होती. व्हरांड्यात उभं राहून, मला स्पष्ट म्हणाले होते, “जाऊ द्या तिला. औषध देतो, एखादी मुलगी सोबत द्या. तिथेच राहिली तरी हरकत नाही.” कुसुम ट्रे घेऊन माझ्या मागेच होती. सोबत जायला ती एका पायावर तयार होती. मग डॉक्टर अमरावतीकडे त्यांच्या गावी गेले. त्यांच्याही घरी महालक्ष्म्या होत्या.

अनसाबाईचे मालक गाडी घेऊन आले. गाडीत कडबा अंथरून वर गोधड्या घातल्या होत्या. मी त्यांना सांगितलं — डॉक्टर नको म्हणून गेलेत. रस्त्यात चिखल आहे, हादरे बसतील, रक्त जाईल.

त्यांनी वाद घातला नाही. घालतील तर बरं, असं मला क्षणभर वाटलं होतं का? असेल. ते म्हणाले, “डाक्टरसायेब म्हन्ले तं मंग झालं,” आणि गोधड्यांची घडी करू लागले. आमच्याकडची माणसं तेव्हा दवाखान्यातल्या बाईच्या शब्दापुढे जात नसत. मला ते माहीत होतं आणि मी त्यावरच विसंबले.

कुसुम मात्र माझ्या मागोमाग औषधांच्या खोलीत आली. “बाई, डाक्टरसायेब तं जाऊ द्या म्हणत होते.” मी तिच्याकडे न बघता म्हणाले, “तू नीट ऐकलं नाहीस.” ती “हो बाई” म्हणाली आणि गेली. तिला ऐकू आलं होतं, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. शिकणाऱ्या मुलीने बाईंना खोटं कसं पाडायचं?

इथवर जे सांगितलं ते वाईटच आहे. पण तेवढंच असतं तर मी ते एव्हाना कधीतरी कोणापाशी बोलले असते. माणसं कामापायी खोटं बोलतात, पुढे पस्तावतात, चारचौघांत कबूलही करतात. मी इतकी वर्षं गप्प राहिले ते याच्या पुढच्या गोष्टीसाठी.

महालक्ष्म्या तिच्याशिवाय बसल्या. अनसाबाई दिवसभर खिडकीकडे तोंड करून होती. रडली नाही. जेवणाच्या वेळेला तेवढं म्हणाली, “आता आरती होत असन.” मी औषध देत होते, दिलं आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. कुसुमने ड्रेसिंग केलं, आणि इतकं सुरेख केलं की परीक्षक बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “या खोलीत वास कसा नाही? अशी जखम आणि वास नाही, हे मी प्रथम बघते आहे.” मी कोळशाच्या पिशव्या दाखवल्या. त्यांनी एक पिशवी मागून घेतली. जाताना दाराशी माझी पाठ थोपटली. त्या हे सगळं इंग्रजीतून बोलत होत्या, अनसाबाईला त्यातलं काही कळलं नाही. माझ्या मनात आलंही नाही तिला सांगावं असं. मी हवेत होते.

त्याच दुपारी मी खोलीत गेले. कुसुम कोपऱ्यात गॉजच्या घड्या घालत बसली होती. अनसाबाईने मला जवळ बोलावलं — बोलावलं म्हणजे नुसतं बघितलं. मी पलंगाशी गेले. ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, खरं सांगजा. वास येते म्हनून नाई पाठोलं ना मले?”

काय सांगायचं होतं मला? दोनच उत्तरं होती. एक — नाही हो अनसाबाई, वास मुळीच येत नाही, आत्ताच मोठ्या बाई तेच सांगून गेल्या. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार — मग काऊन नाई पाठोलं? डॉक्टरांचं नाव तिच्यापुढे परत घ्यायची माझी छाती झाली नाही. कुसुम तिथेच होती. आणि दुसरं उत्तर अनसाबाईने स्वतःच माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती.

मी म्हणाले, “हो. थोडा येतो अजून.”

हे ते उत्तर. हेच सांगायचं होतं.

तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी चादर सारखी करायला वाकले होते. तिचा आवाज तेवढा ऐकला. “तरी मले वाटतच होतं,” म्हणाली. “तुम्ही चांगल्या हा बाई, तोंडावर बोलत नाई कोनी.” कोपऱ्यात कुसुमचे हात थांबले होते. मी बाहेर पडले. थोड्या वेळाने दारावरून गेले तर ती अनसाबाईचं ड्रेसिंग सोडून परत बांधत होती — सकाळी बांधलेलं, कोरडं, स्वच्छ ड्रेसिंग. कसलीही गरज नव्हती. मी तिला थांबवलं नाही. विचारायला गेले असते तर मला काय बोलावं लागलं असतं?

त्यानंतर कुसुम माझ्याशी कामापुरतं बोलायची. परीक्षेत ती पहिली आली. पुढे चांगली नर्स झाली असं ऐकलं. माझ्याबद्दल तिने कुठे काही वावगं बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही, आणि त्यामुळे मला बरं वाटलं असं मात्र नाही.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झाल्यावर निर्मला आली. पुरणपोळीचा डबा, ओटीचं सामान, चेहरा फुललेला — तिच्या हातून सगळं नीट पार पडलं होतं. ती धावतच पलंगाकडे निघाली. अनसाबाईने हात वर करून तिला अडवलं. “तिथंच बस माय. जवळ नको येऊ. वास येते.”

निर्मलाला कळेना. आधी तर ती पलंगावर चिकटून बसायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे होते. मी म्हणू शकले असते — अगं जा, काही वास नाही. मी थर्मामीटर झटकला आणि तापाचं बघत राहिले. निर्मला दाराशी बसली. तिथूनच तिने सांगितलं की मोठ्या महालक्ष्मीच्या निऱ्या बरोबर बसल्या, धाकटीचा पदर जरा सुटत होता, शेजारच्या काकूने टाचणी लावून दिली. अनसाबाई लांबूनच मान हलवत होती, आणि मधूनमधून पदर आपल्याच नाकाशी धरून हुंगत होती. तिला काही वास लागत नव्हता, म्हणून ती पुन्हा पुन्हा हुंगत होती. मला वाटतं, तिने स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं. माझ्यावर ठेवला होता.

मालक आले तेव्हा प्रसाद माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “बरं झालं बाई, तुम्ही नाई पाठोलं तिले. तिनंच सांगतलं मले. देवीपुढं वास सुटला असता तं तिच्याच जीवाले लागलं असतं.” त्यांनी मला हात जोडले. मी प्रसाद खाल्ला. त्यांच्यासमोर, उभ्या उभ्या, सगळा.

मग दिवस थोडेच राहिले. जी बाई मुलींना मायेने हाक मारून बसवून घ्यायची ती आता कोणालाच जवळ बसू देईना. ड्रेसिंग करायला आलेल्या मुलीला म्हणायची, “लवकर उरक माय, तुले तरास.” मालकांना खिडकीपाशी उभं करायची. खोली वाचली. बाळंतिणींच्या खाटा दुसरीकडे गेल्या. माझ्याकडे शिकायला पुढे दुसऱ्या तालुक्यांतल्या मुलीही येऊ लागल्या, आणि त्यांना मी पहिल्या दिवशी काय शिकवायची ते तुम्हाला सांगितलंच आहे.

अनसाबाई गेली ती सकाळची वेळ होती, ऊन चांगलं वर आलं होतं. मालक मळ्यावरून निघाले होते, पोचले नव्हते. निर्मला तेवढी होती. तिला कळत होतं काय चाललंय ते, नव्या सुनेलाही कळतं. ती चौकटीला टेकून बसली होती, गुडघ्याभोवती हात घट्ट धरून, रडत. सासूने सांगितलं होतं तिथेच. उठून पलंगापाशी जायचं तिच्या मनात किती होतं ते तिच्या बोटांवरून दिसत होतं. पण सासूचा शब्द मोडायचा कसा?

मी त्या दारातून आत-बाहेर करत होते. दर खेपेला माझं लुगडं तिच्या खांद्याला लागत होतं. “जा, जवळ जाऊन हात धर तिचा” — एवढं मी तिला म्हणाले नाही.